आधी लाट पाहावी, मग पाण्यात उतरावे

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. राणीसावरगावातील माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी उजवा हात गळ्यात अडकवून आले. वय बहात्तर. मुला-नातवंडांसह सहलीला गेले असता वॉटर पार्कमधील लाटांच्या तलावात, ज्याला आता सगळेच 'वेव्ह पूल' म्हणतात, ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर शहरातच घातले होते. माझ्याकडे ते बोटांची सूज दाखवायला आले होते. "डॉक्टरसाहेब, गावच्या बारवेत वरून उड्या मारलेला माणूस मी. गुडघाभर पाण्यात पडलो, हे सांगायचीही लाज वाटते," ते म्हणाले.

सोबत त्यांच्या पत्नी होत्या. निघता निघता त्यांनी सहज सांगितले, की त्या दिवशी त्यांनाही भोवळ आली होती. त्या तर पाण्यात उतरल्याच नव्हत्या. सर्वांच्या चपला, पिशव्या आणि मोबाइल सांभाळत त्या तीन तास उन्हात खुर्चीवर बसून होत्या. लघवीला लागले तर जायचे कोठे, या विचाराने पाणीही प्यायल्या नव्हत्या.

एकाच घरातील दोन वृद्ध. एक जण काहीही न पाहता लाटेत शिरले. दुसऱ्यांना लाटेजवळ कोणी नेलेच नाही. नुकसान दोघांचेही झाले. या दोन चुकांच्या मधली वाट कोणती, हे सांगण्यासाठी हा लेख.

लाट आपल्या दारी आली

आपल्या भागापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर. आपल्या पिढीचे पाणी म्हणजे शेतातील विहीर, गावची बारव आणि गंगाखेडची गोदावरी, जिला आपण गंगाच म्हणतो. लाट पाहायची तर मुंबई किंवा कोकण गाठावे लागे. आता तसे राहिलेले नाही. मुंबईजवळ गोराईला 'वॉटर किंगडम' १९९८ साली सुरू झाले. पुढे लोणावळा आणि खोपोलीच्या परिसरात अशी उद्याने उभी राहिली. शिर्डीच्या दर्शनाला जाणारी कुटुंबेही आता दर्शनानंतरचा दिवस तेथील वॉटर पार्कसाठी राखून ठेवतात.

कृत्रिम लाटेची कल्पना मात्र जुनी आहे. हंगेरीतील बुडापेस्ट शहरात गेलर्ट नावाचे उष्णोदकाचे प्रसिद्ध स्नानगृह आहे. तेथे लाटांचा तलाव १९२७ साली बांधला गेला. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात, टेंपी येथे, १९६९ साली खास सर्फिंगसाठी असा तलाव उघडला. सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेच्या उतारावरून घसरत जाणे. या खेळात अकरा वेळा जगज्जेता ठरलेल्या केली स्लेटर याने २०१५ साली कॅलिफोर्नियातील लेमूर येथे, समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, शेतीच्या प्रदेशात तयार केलेली लाट जगाला दाखवली. तेथे पाण्याखालील एक मोठे पाते रुळावरून ओढले जाते आणि त्याच्या रेट्याने लाट उठते. आपल्याकडील सहलीच्या तलावांत सहसा खोल बाजूच्या भिंतीमागे कप्पे असतात. पंखे त्या कप्प्यांत हवा दाबतात, पाणी बाहेर ढकलले जाते आणि उतरत्या फरशीवरून लाट उथळ बाजूकडे येते.

वाट पाहण्याची विद्या

सर्फिंगचे माहेर हवाई बेटे. तेथे हा खेळ युरोपीय जहाजे पोहोचण्यापूर्वीपासून चालत आलेला आहे. समुद्रावरचा जाणता सर्फर आल्या आल्या पाण्यात उडी घेत नाही. तो किनाऱ्यावर उभा राहून पाहतो: लाटा किती किती मिळून येतात, मध्ये किती उसंत असते, पाणी माघारी कोणत्या बाजूने ओढते, खडक कोठे आहेत. पाण्यात गेल्यावरही बहुतेक वेळ वाट पाहण्यातच जातो. दुसऱ्याने धरलेल्या लाटेवर घुसू नये, हा तेथील अलिखित शिष्टाचार. आणि आजचा समुद्र आपला नाही असे वाटले, तर फळी काखेत मारून परत फिरण्यात कमीपणा मानला जात नाही.

कृत्रिम तलावाने ही रीत बदलली. तेथे तास ठरलेला, लाट ठरलेली, पैसे मोजलेले. मुले लवकर शिकतात आणि समुद्र नसलेल्या गावालाही हा खेळ मिळतो, हा मोठा लाभ आहे. परंतु थांबण्याची आणि पाहण्याची सवय त्यात मागे पडते, अशी अनेक जुन्या सर्फरांची खंत आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा प्रथम समावेश झाला, तेव्हा स्पर्धा समुद्रातच झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी तर ती पंधरा हजार किलोमीटरहून दूर, ताहिती बेटावर नेण्यात आली.

आपल्या सहलीच्या तलावातही हेच घडते. भोंगा वाजला की सगळे धावतात. थांबून पाहायला कोणालाच सवड नसते. तरुण शरीर ते निभावून नेते, वृद्ध शरीराला ते जमत नाही. वय हा पाण्याचा शत्रू मात्र नव्हे. जपानमधील सेइइची सानो यांनी ऐंशीव्या वर्षी फुजी पर्वत चढल्यानंतर सर्फिंग शिकायला घेतले आणि पुढे जगातील सर्वांत वयस्कर पुरुष सर्फर म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. तुम्ही फळीवर उभे राहावे, असा माझा आग्रह नाही. सर्फरांची वाट पाहण्याची सवय मात्र प्रत्येक आजी-आजोबांनी उचलावी.

विहिरीतले पोहणे येथे का पुरत नाही

विहिरीचे पाणी स्थिर असते. लाट येताना ढकलते आणि परतताना पायाखालून ओढते. उतारवयात पायांची संवेदना आणि तोल सावरण्याचा वेग, दोन्ही मंदावतात. मधुमेह असेल तर अधिकच. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि ठिसूळ झालेले मनगट मोडते. गुरुजींचे नेमके हेच झाले.

छातीपर्यंतच्या पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाचे काम वाढते. बाहेर येताच उलट होते, रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना त्या वेळी चक्कर येऊ शकते. म्हणून कमरेपेक्षा खोल जाऊ नये, बाहेर पडताना घाई करू नये आणि कठड्याला धरून क्षणभर थांबावे.

तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाण्यात जाण्यापूर्वी आजोबा चष्मा काढतात आणि कानातले यंत्रही काढतात. म्हणजे लाट दिसत नाही आणि भोंगा ऐकू येत नाही. अशा वेळी सोबतच्या माणसाने त्यांचे डोळे आणि कान व्हायचे असते.

काय करावे

पहिली फेरी केवळ पाहण्यात घालवावी. लाटा किती वेळ चालतात, कोठे फुटतात, गर्दी कोणत्या बाजूला लोटते, हे काठावरून पाहावे. यंत्र थांबले आणि पाणी निवळले की उथळ बाजूने, हात धरून उतरावे. लाट सुरू झाल्यावर तिच्याकडे पाठ करू नये; जरा तिरके, पाय फाकवून उभे राहावे. पोटरीपर्यंतच्या पाण्यात बसून लाट अंगावर घेणे अधिक सुरक्षित आणि तितकेच आनंदाचे. दहा मिनिटे पुरे. दम लागण्याची वाट पाहू नये.

भिजलेले लुगडे किंवा धोतर जड होऊन पायात अडकते. बऱ्याच ठिकाणी नायलॉनचाच पोशाख लागतो. तो पूर्ण बाह्यांचा मिळतो का, हे आधी विचारून ठेवावे, म्हणजे आजींची ऐनवेळी कुचंबणा होत नाही. काढता येणारी कवळी बाहेर ठेवावी. मधुमेहींनी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये आणि रात्री तळवे नीट तपासावेत. त्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये, जवळ साखर ठेवावी. छातीतील दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल, तर ती कोणाकडे आहे हे दोघांना तरी ठाऊक असावे.

अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेले, दम लागणारे, फिट येणारे, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, तसेच नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. कानाचा पडदा फाटलेला असेल, पायाला जखम किंवा पोटात बिघाड असेल, तर त्या दिवशी काठावरच बसावे. क्लोरीनच्या वासाने दमा उसळत असल्यास लगेच दूर व्हावे.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हे घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. तत्काळ जीवरक्षकाला हाक मारावी. श्वास चालत नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ क्रमांक लावावा.

खुर्चीवर बसवून ठेवलेल्यांसाठी

मुला-सुनांना एक विनंती. आईला सामानाची राखण करायला सहलीला नेऊ नका. सामान कपाटात ठेवता येते. त्याचे भाडे दवाखान्याच्या खर्चाहून कमीच असते. तिला सावलीतली जागा द्या, स्वच्छतागृह आधी दाखवा, तासातासाने पाणी प्यायला द्या आणि दर अर्ध्या तासाने घरातील एकाने तिच्याजवळ बसावे.

गुरुजींचे प्लास्टर निघाले, बोटांचे व्यायाम झाले. दिवाळीच्या सुट्टीत ते कुटुंब पुन्हा निघाले, तेव्हा दोघेही आधी मला भेटून, रक्तदाब तपासून गेले. परतल्यावर बाईंनी सांगितले, "ह्यांनी अर्धा तास काठावर बसून लाटा मोजल्या. मग माझा हात धरून मला घोट्याएवढ्या पाण्यात नेलं. सत्तरीत पहिल्यांदा पायाला लाट लागली बघा."

पुढची सहल ठरली की आपणही आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा. जाताना सर्व औषधांची चिठ्ठी सोबत न्यायला विसरू नका.