स्वतःसाठीचा वेळ : उरलेला की ठरवलेला?

आजचा विषय वरवर सोपा आहे : रोजच्या धावपळीत स्वतःकडे बघायला वेळ कसा मिळवायचा? सल्ले तर आपल्याला पाठ आहेत. पहाटे उठा, फिरायला जा, प्राणायाम करा. पुण्यात फिरायला जागा नाही असंही नाही; वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, पर्वती आहे. तरी जमत नाही, आणि मग आपण आळशी आहोत असं स्वतःलाच सांगून मोकळे होतो. ते कितपत खरं आहे, ते बघू.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2024 मध्ये देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. झोप, जेवण, आंघोळ हे सगळं तिथे 'स्वतःची काळजी' या सदरात मोजतात. त्यात पुरुषांची दिवसाची सरासरी 710 मिनिटं, स्त्रियांची 706. म्हणजे दोघांचेही साधारण पावणेबारा तास! मग तक्रार कशाची? आता त्याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. घरातली बिनपगारी कामं जे करतात, त्यांच्यात स्त्रियांचा वेळ आहे 289 मिनिटं आणि पुरुषांचा 88.

आणि मिनिटांच्या बेरजेत एक गोष्ट दिसतच नाही. मिळालेला वेळ सलग होता का? अर्ध्या तासाच्या फेरीत तीनदा फोन आला, 'दुधाचं पातेलं कुठंय?', 'मावशी आज येणारेत का?', तर पाय टेकडीवर असतात आणि डोकं ओट्यापाशी.

म्हणून वेळ काढायच्या आधी जबाबदारी सोपवावी लागते. नुसती 'मदत' पुरत नाही. मदत करणारा विचारतो, 'सांग, काय करू?' म्हणजे लक्षात ठेवायचं काम जिथल्या तिथेच राहिलं. त्यापेक्षा एखादं काम पूर्ण द्यावं. समजा, मंगळवारचा डबा. काय करायचं हे ठरवण्यापासून भाजी आणणं, निवडणं, फोडणीला टाकणं, डबा भरणं, सगळं. आणि भाजी खारट झाली तरी आपण बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड!

घरात आजारी माणूस असेल तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठीही 'सहचरी' नावाचा गट चालतो. 'हे बरे झाले की मग माझं बघीन' असं म्हणता म्हणता वर्षं निघून जातात, हे आपण आसपास पाहतोच. सांभाळणाऱ्याची काळजी ही नंतर करायची गोष्ट नाही. ती आजारपणाच्या काळातच घ्यायची असते. आईवडिलांचं करणाऱ्या मुलालाही हे तितकंच लागू आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करू. एक वार आणि एक वेळ ठरवू, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू, घरात आधी सांगू, आणि तेवढा वेळ फोन घरी ठेवू. ज्यांना असा वेळ आजही सहज मिळतो, त्यांनी घरी गेल्यावर एकच विचारावं : 'कुठलं काम मी कायमचं माझ्याकडे घेऊ?'