रात्रीचे वाहन आणि त्याचा क्रमांक

मराठवाड्यातून विदर्भाकडे जाणाऱ्या प्रवाशाला वारंगा फाट्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तुळजापूर, लातूर, नांदेड या मार्गाने येऊन हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून नागपूरच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ आणि अकोला, वाशिम, हिंगोलीहून नांदेडमार्गे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा क्र. १६१ यांची गाठ हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, या फाट्यावर पडते. येथील गरम खिचडीसाठी गाडी थांबविण्याचा प्रघातही प्रवाशांच्या अंगवळणी पडलेला आहे. हिंगोलीचा एमएच-३८, नांदेडचा एमएच-२६, परभणीचा एमएच-२२, यवतमाळचा एमएच-२९ आणि शेजारच्या तेलंगणातील टीएस व २०२४ पासूनचा टीजी, अशा नाना क्रमांकांची वाहने येथून जातात. दिवसा ते क्रमांक कोणालाही वाचता येतात. प्रश्न रात्रीचा आहे.

हा प्रश्न केवळ चोर पकडण्याचा नाही. जनावरे, मोटारपंप किंवा धान्याची पोती रात्रीतून वाहनात घालून नेली जातात, तेव्हा वाहनाचा क्रमांक पोलिसांच्या उपयोगी पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याहूनही अधिक अडते ते अपघातग्रस्त कुटुंबाचे. रात्री एखाद्या पादचाऱ्यास धडक देऊन वाहन निघून गेले आणि ते कोणाचे हे कळलेच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील योजनेनुसार मृताच्या वारसांस दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे पंचवीस हजार व साडेबारा हजार होत्या, हे पाहता ही वाढ मोठी आहे. तथापि वाहन ओळखता आले, तर चित्रच पालटते. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपयांची मागणी करता येते. किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली मृताचे वय, उत्पन्न व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे विचारात घेऊन भरपाई मागता येते. कमावता माणूस गमावलेल्या घराच्या दृष्टीने एका क्रमांकाचे मोल हे असे लाखांत मोजावे लागते.

आता फाट्यावरील पुष्कळ घरांवर आणि दुकानांवर कॅमेरे आहेत. अनेक ग्रामपंचायतींनीही ते बसविले आहेत. तरीही घटना घडल्यावर चित्रीकरण पाहावयास बसले, की पडद्यावर दिव्यांचे दोन पांढरे गोळे येतात आणि निघून जातात. मागे उरते ती केवळ एक धूसर आकृती. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि अधिक महागडा कॅमेरा आणण्याचा ठराव होतो. वस्तुतः किमतीचा येथे फारसा संबंध नाही. अंगणात कोण आले हे पाहण्यासाठी लावलेला कॅमेरा आणि क्रमांक वाचण्यासाठी लावलेला कॅमेरा यांची कामे भिन्न आहेत. एकालाच दोन्ही कामे सांगितली, की दुसरे काम बिघडते.

यामागील कारण समजून घेणे अवघड नाही. अंधार पडला की कॅमेरा पुरेसा प्रकाश मिळविण्यासाठी आपले शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. हा वेळ बहुधा सेकंदाचा पंचविसावा भाग इतका असतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला १० मीटर, म्हणजे तेवढ्या अवधीत ४० सेंटिमीटर पुढे सरकते. मोटारीच्या पाटीवरील अक्षरांची उंची नियमानुसार ६५ मिलिमीटर व रेघेची जाडी केवळ १० मिलिमीटर असते. दहा मिलिमीटरची रेघ चाळीस सेंटिमीटर ओढली गेल्यावर तिचे काय व्हावे? वाहन कॅमेऱ्याच्या रोखाने येत असेल तर हे फराटे कमी दिसतात. रस्त्याशी ३० अंशांचा कोन असेल तर आडवे सरकणे निम्मे होते. म्हणून शटरचा वेळ स्वयंचलित न ठेवता आपल्या हाताने सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणावा. ताशी ३६ किलोमीटरला मग ३० अंशांच्या कोनात पाटी पाच मिलिमीटरच सरकते आणि अक्षर वाचता येते. वेग दुप्पट असेल तर वेळ आणखी निम्मा करावा लागेल. त्यापेक्षा गतिरोधकाच्या पुढे किंवा वळणावर, जेथे वाहन आपोआप मंदावते, तेथे नजर रोखणे शहाणपणाचे. वारंग्यासारख्या फाट्यावर अशी जागा शोधावी लागत नाही.

इतक्या अल्प वेळात प्रकाश कोठून आणावयाचा, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर पाटीतच आहे. उसाच्या बैलगाडीमागे लावलेला लाल परावर्तक येणाऱ्या मोटारीच्या दिव्यात कसा लखलखतो, हे आपण पाहतो. तो प्रकाश इतस्ततः न फेकता आला त्याच दिशेने परत पाठवितो. क्रमांकाच्या पाटीवरील पत्राही याच गुणाचा असतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बंधनकारक आहे आणि त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती बसविणे महाराष्ट्रात आवश्यक केले गेले आहे. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकला, तर पाटी तो थेट कॅमेऱ्याकडेच परत धाडते. प्रकाशाचा दिवा कॅमेऱ्यापासून दूर खांबावर लावला तर हा लाभ मिळत नाही, कारण परतणारा प्रकाश त्या खांबाकडे जातो.

अशा रीतीने लावलेल्या कॅमेऱ्यात रात्री सर्वत्र काळोख आणि मधोमध एक उजळ पाटी, एवढेच दिसते. कॅमेरा बिघडला असे समजून पुष्कळजण सर्व मांडणी पूर्ववत करतात. ती तशीच राहू द्यावी. वाहनाचा रंग, प्रकार व दिशा पाहण्यासाठी दुसरा साधा, रुंद नजरेचा कॅमेरा जवळच असावा. दोघांची वेळ जुळलेली असली की एकाने पाहिलेल्या वाहनाला दुसऱ्याने वाचलेला क्रमांक लावता येतो.

लेन्सच्या बाबतीत होणारी चूक सर्वांत महाग पडते, म्हणून हिशेबच मांडतो. घरगुती कॅमेऱ्यास बहुधा २.८ मिलिमीटरची लेन्स असते. पंधरा मीटर अंतरावर तिला सुमारे २९ मीटर रुंदीचा देखावा दिसतो. चित्राच्या रुंदीत १९२० बिंदू असतील, तर अर्धा मीटर लांबीच्या पाटीच्या वाट्याला जेमतेम ३३ बिंदू येतात. दहा अक्षरे त्यांत वाचणे अशक्य. तेथेच १२ मिलिमीटरची लेन्स लावली तर देखावा पावणेसात मीटरांपुरता अरुंद होतो आणि पाटीस सुमारे १४० बिंदू मिळतात. शंभराच्या वर मिळाले, की काम भागते. दुचाकीची पाटी २० सेंटिमीटरचीच, तिच्यावर क्रमांक दोन ओळींत. तेव्हा तिच्यासाठी नजर याहूनही अरुंद किंवा अंतर कमी हवे. संपूर्ण चौक एका कॅमेऱ्यात मावला पाहिजे, हा आग्रह सोडला तरच क्रमांक हाती लागतो.

पुढील दिव्यांचा झोत टाळण्यासाठी जाणाऱ्या वाहनाची मागील पाटी टिपणे सोयीचे. दुचाकीची मागील अक्षरेही पुढच्यापेक्षा मोठी असतात. मालमोटारींची गोष्ट निराळी. त्यांची मागील पाटी चिखलाने किंवा लोंबत्या साखळीने झाकलेली असते, म्हणून त्यांच्यासाठी पुढची बाजू बरी. उसाच्या ट्रॉलीबद्दल न बोललेलेच बरे. क्रमांकाच्या आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘बॉस’ घडविण्याची हौस तर कोणताच कॅमेरा वाचू शकत नाही. नियमानुसार अक्षरे इंग्रजी व आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच असावे लागतात.

कॅमेरा फार उंचावर टांगू नये. तीस अंशांहून अधिक तिरपेपणा आडवा वा उभा, कोणत्याच बाजूने नसावा. दिवसा साधलेला फोकस अवरक्त प्रकाशात थोडा ढळतो, यास्तव अंतिम जुळणी अंधार पडल्यावरच करावी. आपलीच मोटारसायकल आधी उभी करून, मग हळू, मग नेहमीच्या वेगाने व दिवे लावून नेऊन पाहावी. बी आणि ८, डी आणि ० यांतील फरक चित्रात स्पष्ट दिसला म्हणजे मांडणी साधली.

टिपलेला क्रमांक न्यायालयात टिकावयाचा असेल तर आणखी काळजी हवी. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी चित्रीकरणाच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. म्हणून मोबाईलवरून पडद्याचे छायाचित्र काढून ते गावभर पाठविण्यापेक्षा रेकॉर्डरमधून मूळ चित्रीकरण जसेच्या तसे पोलिसांच्या स्वाधीन करावे. सेकंदाला चार मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा व्यापतो आणि जागा भरली की जुने पुसले जाते. माहिती उशिरा मागितली, तर ती यंत्रात नसतेच.

शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. कोण किती वाजता कोणाकडे गेले, याची नोंद ठेवण्याचा अधिकार कॅमेऱ्यामुळे कोणालाही मिळत नाही. सुदैवाने अरुंद नजरेचा कॅमेरा या बाबतीत अधिक सभ्य ठरतो. त्याला समोरच्याचे अंगण वा दार दिसतच नाही. ग्रामपंचायतीने कॅमेरे बसविताना चित्रीकरण कोण पाहील आणि किती दिवस ठेवले जाईल, हे ठरावातच नमूद करावे.

देखभालीस खर्च नाही, पण नेम हवा. अवरक्त दिव्याच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि एका जाळ्याने सारी रात्र पांढरी होते. पंधरवड्यातून एकदा मऊ फडक्याने काच पुसावी. वीज गेल्यास रेकॉर्डर चालू राहील इतकी बॅटरी जोडावी आणि वीज परत आल्यावर घड्याळ बरोबर आहे ना, हे पाहावे. ते चुकलेले आढळल्यास किती मिनिटांनी चुकले होते ते तारखेसह वहीत लिहून मगच दुरुस्त करावे.