यंत्राचा परवलीचा शब्द

जबलपूरच्या नयागाव भागात मध्य प्रदेशाचे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. राज्यातील विजेची निर्मिती आणि मागणी यांचा मेळ तेथून राखला जातो. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ खंड कल्पिलेले असून, कोणत्या खंडात कोणी किती वीज द्यावी व घ्यावी, याचे आकडे आगाऊ ठरवावे लागतात. इतक्या आकड्यांची ने-आण हाताने होणे कठीण. म्हणून असल्या कामी एक संगणक ठरल्या वेळी दुसऱ्याकडे आपण होऊन फाइल धाडतो. संगणकांमधील या धाडणीचे नियम प्रथम १९७१ साली लिहून काढले ते अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेतील एमआयटीत गेले होते.

दुसरा संगणक अर्थातच वाटेल त्याला आत घेत नाही. तो परवलीचा शब्द विचारतो. पहाऱ्यावरील परवलीप्रमाणे या शब्दालाही पुष्कळ ठिकाणी मुदत असते, बहुधा नव्वद दिवसांची. ती संपली की माणसाला नवा शब्द मागितला जातो, आणि तो देतो. यंत्राजवळ मात्र पूर्वी लिहून ठेवलेला जुनाच शब्द असतो. दाराशी उभे राहून ते तोच पुनःपुन्हा उच्चारते. काही खेपांनंतर पहारेकरी त्याला शत्रू समजून दारच लावून घेतो. इकडे नवा खंड सुरू झालेला असतो, आणि हाती आकडे मात्र शिळे!

मग यंत्राच्या शब्दाला मुदतच नको, असे वाचक म्हणेल. परंतु चोरीस गेलेला शब्द त्यामुळे वर्षानुवर्षे चालत राहील. माणसांच्या शब्दांना ठरावीक मुदत घालू नये, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ साली सुचविले खरे. कारण लोक जुन्याच शब्दाला एखादा आकडा जोडून वेळ मारून नेतात. यंत्राला तेवढेही सुचत नाही.

त्यापेक्षा शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी बरी. गुप्त किल्ली धाडणाऱ्या यंत्रातच राहते, तारेवरून कधी जात नाही. तिची जोडीदार उघड किल्ली पलीकडे नोंदवितात. किल्ल्याही अधूनमधून बदलाव्याच लागतात, पण पलीकडे एका वेळी दोन उघड किल्ल्या नोंदविता येतात, ही मोठी सोय आहे. नवी आधी नोंदवावी, तिच्या आधारे एक फाइल सुखरूप पोचली याची खात्री करून घ्यावी, आणि नंतरच जुनी काढावी.

जेथे शब्दावाचून गत्यंतर नाही, तेथे मुदतीची तारीख पंधरा दिवस आधी एखाद्या जबाबदार व्यक्तीला नावानिशी कळावी. अडलेले यंत्र स्वतः ओरडेलच असे नाही. तेव्हा फाइल वेळेवर न आल्यास घंटा वाजावी ती घेणाऱ्याच्या टोकाला.