धपाटा मोजायचा कसा?

"ताई, पोराला मारता का हो?" दारात उभं राहून असं कुणी विचारलं, तर कोणती आई 'हो' म्हणेल? "छे हो, मारतंय कोण? कधीमधी धपाटा घालते, तेवढंच!" असंच उत्तर येणार. आपल्याकडे धपाट्याला कुणी मार म्हणतच नाही. मग घरोघरचा मार मोजायचा तरी कसा?

युनिसेफच्या मदतीने अनेक देशांत घरोघर पाहणी होते. तिच्यात २००५-०६ पासून एक साधी युक्ती वापरतात. मोघम विचारायचं नाही, एकेक गोष्ट विचारायची. घरातलं एक मूल चिठ्ठी टाकल्यागत निवडतात. मग प्रश्न येतात : गेल्या महिन्याभरात तुम्ही किंवा घरातल्या कुणा मोठ्या माणसाने याला चूक समजावून सांगितली? गदागदा हलवलं? ओरडलं? ढुंगणावर चापट मारली? पट्ट्याने, काठीने मारलं? 'मठ्ठ', 'आळशी' म्हटलं? थोबाडीत दिली? प्रश्नांत समजावणंही असतं, आणि दोष एकट्या आईवर येत नाही. त्यामुळे खरं बोलणं सोपं जातं.

उणीवही आहे. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. महिन्यातून एकदा चापट खाणारं पोर आणि रोज खाणारं पोर कागदावर सारखंच!

शेवटी विचारतात : मूल नीट वाढवायचं तर मारावंच लागतं, असं तुम्हाला वाटतं का? युनिसेफने २०१४ साली अनेक देशांचे आकडे एकत्र मांडले. दोन ते चौदा वर्षांच्या दहांतल्या सुमारे सहा मुलांना घरात मार बसत होता. मार गरजेचा मानणारी मोठी माणसं मात्र दहांत तीनच. म्हणजे पुष्कळ घरांत पटत नसतानाही हात उठतो.

आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थेट मुलांनाच विचारलं होतं. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांत दर तिघांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. शाळेतल्या छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली. घरातल्या हाताची मोजदाद घरच्यांनीच करायची.

तेव्हा वाचकहो, आज रात्री जेवणं उरकली की गेला महिना आठवून पाहा. धपाटे किती, समजावलं किती वेळा? मग पोरालाही विचारा. त्याचा आकडा वेगळा निघाला, तर रागावू नका.