रविवारची वाट

इंग्लंडमधल्या शेफील्डचे कामगार जी. एच. बी. वॉर्ड यांनी सप्टेंबर १९०० मध्ये मोजक्या सोबत्यांसह किंडर स्काउट पठाराभोवती रविवारची पायपीट केली. त्यातूनच ‘शेफील्ड क्लॅरियन रॅम्बलर्स’ हे भटकंती मंडळ उभं राहिलं. आठवडाभर धूर गिळणाऱ्यांना मोकळी हवा हवी होती, पण डोंगरमाथे जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण बंदी मोडून किंडरवर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. आज तिथे कुणीही हिंडू शकतं, त्यात या तरुणांचा वाटा फार मोठा आहे.

अशा भटकंतीत प्रत्येक ऋतूचा रंग वेगळा. एप्रिल-मे महिन्यांत रानातल्या झाडांखाली ब्लूबेलचा निळा गालिचा पसरतो. कुरणात कोकरं असतात, म्हणून मागचं फाटक आठवणीनं लावायचं. ऑगस्टमध्ये हेदर फुलून माळ जांभळा होतो. पाहावा तर तेव्हाच! डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारून येतं, त्यामुळे वाट छोटी निवडतात. चिखलही घोट्यापर्यंत येतो. लाकडी खांबावर पिवळा बाण दिसला तर ती पायवाट. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडेस्वार आणि सायकलवाल्यांनाही मुभा असते.