जुन्या फियाटची डिकी : गंज झाकू नका, कापून काढा

अकलूजच्या एका गॅरेजात पावसाळ्यानंतर एक जुनी पद्मिनी आलेली आम्ही पाहिली. गिऱ्हाइकाचे म्हणणे एवढेच, की डिकीत पाणी येते. मिस्त्रींनी स्टेपनी उचलली, खालची चटई काढली आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर टोक पत्र्यातून आरपार गेले.

अशा वेळी वरून तुकडा मारून, लांबी भरून, रंग देऊन गाडी परत करण्याची रीत आपल्या डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहे. काम स्वस्तात होते, गिऱ्हाईकही खूश. पण पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा हाच तिच्या सांगाड्याचा भाग. शिवाय सायलेन्सरचा धूर मागे खालीच सुटतो. भोकातून तो आत शिरला, तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मागे बसलेल्या लेकरांना झोप लागली की विष चढले हे कोणाला कळत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी. टाकी रिकामी आहे, असे म्हणून वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा. सगळा तळ एकदम मोकळा करू नये, नाहीतर बॉडी हलते व डिकीचे झाकण बसत नाही. नवा पत्रा १८ किंवा २० गेजचा, साधा सी.आर. घ्यावा. जस्ताचा पत्रा वेल्डिंगला लावला की त्याच्या धुराने अंगात ताप भरतो. टाके अंतराअंतरावर, एक इकडे एक तिकडे, थंड होऊ देत मारावेत. सलग ओढले की पत्रा लाटेसारखा वाकतो. मग रेड ऑक्साईड, आणि सांध्यांना सीलर. पाणी निघायची मूळ भोके बुजवू नयेत.

सायलेन्सरच्या वर मात्र डांबराचा लेप नको, तो तापून वितळतो. तेथे ॲल्युमिनियमचा पत्रा अर्धा इंच हवा खेळेल असा, वॉशर घालून बसवावा. जुन्या गाडीत ॲस्बेस्टॉसचा तक्ता निघाला तर ग्राइंडर लावू नये. ओला करून अख्खा काढावा. त्याची धूळ फुप्फुसाचा घात करते.

पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते, पण चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणून पत्रा मूळ आकाराचाच घडवावा आणि आधीचे-नंतरचे फोटो गिऱ्हाइकाला द्यावेत. दर सांगावा तोही चटई उचलून पाहिल्यावर, आणि कागदावर.

गंजाचे मूळ बहुधा झाकणाच्या रबरात असते. रबर बदलल्यावर डिकीत जुने वर्तमानपत्र पसरावे, झाकण लावावे आणि वरून दोन बादल्या पाणी ओतावे. कागद कोठे भिजला ते पाहिल्याशिवाय गाडीची चावी देऊ नये.