हिवाळी टायरांचा उन्हाळा

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत मोटारीला हिवाळी टायर असणें कायद्यानें आवश्यक आहे. टायरसक्तीचा हा कायदा तेथें २००८ सालीं अंमलांत आला. साहजिकच तेथील मराठी कुटुंबांनाहि वर्षांतून दोनदां टायर बदलावे लागतात, आणि काढलेले चार टायर पुढील सहासात महिने ठेवावे कोठें हा प्रश्न पडतो. धांवेल तोच टायर झिजेल, पडून राहिलेल्याला काय होणार, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे.

रबराचे रेणू लांबलचक सांखळ्यांसारखे असतात. गंधकाबरोबर तापविलें असतां त्या सांखळ्या एकमेकींशीं जोडल्या जातात व रबर चिवट बनतें. तथापि त्यांतील कांहीं दुवे हवेंतील प्राणवायूला, आणि त्याहूनहि ओझोनला, सहज बळी पडतात. त्यांतून रबर ताणलेलें असेल तर ओझोनचा घाव विशेषच बसतो. कागदांच्या भेंडोळ्यावर ताणून चढविलेलें रबरबँड वर्षभरांत तडकतें. त्याच पुडक्यांतलें दुसरें, बंद खणांत सैल पडलेलें, बहुधा शाबूत असतें. टायरांचेंहि असेंच आहे.

यावर उपाय म्हणून कारखानदार रबरांत मेण व ओझोनरोधक द्रव्यें मिसळतात. तीं हळूहळू पृष्ठभागीं येतात. जुन्या टायरावर दिसणारी तपकिरी छटा पुष्कळदां त्यांचीच असते. तिला मळ समजून रॉकेल चोळणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत! साबण आणि पाणी पुरे. टायर पूर्ण वाळवून, जाड काळ्या पिशवींत घालून, आंतली हवा दाबून काढावी व तोंड बांधावें.

जागा थंड, कोरडी व अंधारी हवी. उन्हांत तापणारी पत्र्याची खोपटी वाईट; तळघर चांगलें, मात्र पेट्रोलचे डबे, वेल्डिंगचें यंत्र किंवा ठिणग्या पाडणारी विजेचीं हत्यारें तेथें नसावींत, कारण ठिणगीपासून ओझोन उत्पन्न होतो. उष्णतेची तर दुहेरी हानि आहे. हिवाळी टायरांचें रबर ७ अंश सेंटिग्रेडच्या खालींहि मऊ राहावें असें मुद्दाम केलेलें असतें. वर्षानुवर्षे उष्णता लागून तें कडक झालें, म्हणजे खांचा खोल दिसत असूनहि टायर बर्फावर पकड घेत नाहीं, आणि हें चालकाला कळतें तें ब्रेक दाबल्यावर.

रिमसह काढलेले टायर एकावर एक आडवे रचावेत किंवा टांगावेत. नुसते टायर उभे ठेवून महिन्यांतून एकदां थोडे फिरवावेत. ते टांगूं मात्र नयेत, कारण स्वतःच्याच भारानें ताणून त्यांचा आकार बिघडतो. प्रत्येकावर खडूनें ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असें लिहावें. एके वर्षीं हें मीं केलें नाहीं, आणि गारठलेल्या हातांनीं अर्धा तास कोडें सोडवीत बसलों.

टायराचें वय त्याच्या कडेवरील चार आंकड्यांवरून कळतें: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. पुन्हां बसवितांना हे आंकडे वाचावेत, कडेला व खांचांच्या तळाशीं भेगा आहेत काय तें उजेडांत पाहावें, आणि हवेचा दाब मोजावा. पडून राहिलेल्या टायरांतूनहि ती हळूहळू निघून जात असते.